शंभर टक्के हजेरी

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात माझ्याकडं आठवी ब होती. त्या वर्गाच्या हजेरीपटावर एका नावापुढं जूनपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत एकही गैरहजेरी नव्हती. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात त्या मुलीला पूर्ण उपस्थितीचं प्रशस्तिपत्र दिलं. शिफारस माझीच होती. पावसाळ्यात ती एकदा अंगात ताप घेऊन शाळेत आली होती, तेव्हा मी सगळ्या वर्गाला म्हणाले होते, "बघा, याला म्हणतात शाळेची ओढ."

ओढ कसली. तिला घरी थांबायचं नव्हतं. हे कळायला मला सात महिने लागले, आणि कळलं तेही माझ्या हुशारीनं नाही, शाळेच्या शिपाईमामांमुळं.

हे प्रकरण मी नंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणात काही वेळा मांडलं आहे. तिथं वेळ कमी असतो आणि लोक सरळ 'मुलाचा लैंगिक छळ होत असल्याची लक्षणं कोणती ते सांगा' म्हणतात. लक्षणांचे तक्ते पुष्कळ मिळतात. आम्हालाही मिळाले होते, एका पत्रकाबरोबर, आणि ते कार्यालयातल्या फायलीत नीट लावलेले होते. म्हणून इथं तक्ता देत नाही. काय घडलं, कोणाला काय दिसत होतं आणि आम्ही कुठं कुठं चुकलो, ते लिहिते. मुलीची, घरच्यांची, गावाची ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याचं तसं बंधन आहे, नसतं तरी बदललेच असते. मुलीला मी मुक्ता म्हणते.

घर

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात निम्मं गाव बाहेर असतं. सोन्या-चांदीची गलाई, म्हणजे ते वितळवून शुद्ध करणं, हा इकडच्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, आमच्याकडचा कुणीतरी भट्टीपुढं बसलेला सापडतो. दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं यात्रेला आणि दिवाळीला येतात, गावात दुमजली घर बांधतात आणि त्या घरात म्हातारे आईवडील नि शिकणारी लेकरं ठेवून परत जातात. शाळेच्या दप्तरात पालक म्हणून वडिलांचं नाव, सही मात्र आजीच्या अंगठ्याची किंवा चुलत्याची. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं की 'पोरं आजीपाशी असतात' हे आम्ही कौतुकानंच म्हणायचो.

मुक्ता तेरा वर्षांची. आईवडील तमिळनाडूत, धाकटा भाऊ त्यांच्याजवळ. घरी ती आणि आजी. बाकी सगळं बघायला आजीचा पुतण्या, म्हणजे मुक्ताचा चुलत चुलता. गावात त्याचं दूध संकलन केंद्र. सिलेंडर आणून देणं, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बँकेतली कामं, मुक्ताला पावसात शाळेत सोडणं, सगळं तोच करायचा. घराची एक किल्ली त्याच्याकडं असायची. आमच्या शाळेला रंग दिला तेव्हा वर्गणीत त्याचं नाव वरच्या तिघांत होतं. पालकसभेला वडिलांच्या जागी तोच यायचा आणि पहिल्या रांगेत बसायचा. सांगायचं एवढंच की तो कुणाच्या डोळ्यांवर येईल असा माणूस नव्हता. उलट दर पालकसभेत आम्ही त्याचे आभार मानायचो.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला. छळ करणाऱ्यांत निम्मे तरी मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते. याच अभ्यासात छळ सांगणाऱ्यांत मुलांची संख्या मुलींपेक्षा किंचित जास्त निघाली होती, हे मी शिक्षकांना सांगते तेव्हा खोलीत क्षणभर कोणी बोलत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं.

पाच वह्या

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सोमवारी शाळा सुटल्यावर मी पेपर तपासत बसले होते. मामा दाराशी येऊन उभे राहिले. बोलायचं असलं की ते आधी किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतात.

"बाई, येक इचारू का? ती तुमच्या वर्गातली पोरगी सोमवारचीच तेवढी का थांबतीया?"

"थांबते म्हणजे?"

"बाकीच्या दिवशी घंटा झाली की जाती. सोमवारी मात्र पायरीवर बसून ऱ्हाती. कुलूप लावाया आलो की म्हणती, मामा, धा मिनिटं थांबा की. दिवाळीच्या आधीपास्नं बघतोय मी."

सोमवार बाजाराचा. आजी दुपारच्या एसटीनं बाजाराला जायची आणि दिवेलागणीच्या गाडीनं परतायची.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश वगैरे पडला नाही. मला वाटलं, पोर एकटीला घाबरत असेल. पण रात्री तो ताप आठवला. अंगात ताप असताना तेरा वर्षांचं पोर शाळेत कशाला येतं? मी आजवर शेकडो मुलं बघितली. ताप आला की पोरं खुश होतात.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत मी सहज विषय काढला. मग एकेक जण बोलू लागला.

क्रीडाशिक्षक म्हणाले, ती खो-खोच्या संघात होती, चांगली पळायची, दिवाळीनंतर सरावाला यायचंच बंद केलं. विचारलं की पोटात दुखतं म्हणते. त्यांच्या वहीत तिच्या नावापुढं शेरा होता, 'टाळाटाळ'.

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी चहा द्यायला आल्या होत्या. त्यांना आम्ही कधी काही विचारत नाही, त्या दिवशी त्या आपणहून बोलल्या. "ती व्हय? ती आता मैत्रिणीत बसतच न्हाई जेवायला. ताट घासत बसती ते बसतीच. हात तर इतक्यांदा धुती की नळ बंद कर म्हणून मी वरडले एकदा."

कारकुनांना एवढंच माहीत होतं की वर्गातल्या दोन मुली एका मोबाइलवरून भांडल्या होत्या. मोबाइल मुक्ताचा, नवा. कुणी दिला म्हणून विचारलं तर काकांनी. कारकुनांनी तो दिवसभर जप्त ठेवला आणि संध्याकाळी काकांच्याच हाती परत दिला, समज देऊन.

शेवटी मराठीच्या बाईंनी निबंधाची वही आणली. विषय 'मी … झाले तर'. गाळलेल्या जागी मुलांनी पक्षी, फुलपाखरू, कलेक्टर असं भरलं होतं. मुक्तानं लिहिलं होतं 'कडी'. मी कडी झाले तर दाराला आतून लागून राहीन, बाहेरून कितीही ढकललं तरी निघणार नाही, आजी आली की मगच निघेन. असा अर्धं पान निबंध. दहापैकी सहा गुण. खाली लाल शाईत, 'कल्पना चांगली, पण विषयाचा विस्तार हवा.'

बाई वही मिटून बराच वेळ तशाच बसल्या.

तिचे गुण घसरले नव्हते, हेही सांगायला हवं. गणिताच्या सरांना तर तिच्याबद्दल काहीच सांगण्यासारखं नव्हतं. तक्त्यात 'अभ्यासातली अधोगती' पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असते, आणि आम्ही तिच्याकडं बघितलं नाही त्याचं एक कारण ते होतं. हुशार, नियमित, शांत. अशा मुलीची काळजी कोण करतो?

एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ होती. मुली वयात येताना खेळ सोडतात, मैत्रिणींशी भांडतात, हात धुतात. पण एका मुलीत सहा महिन्यांत एवढं सगळं बदललं आणि ते पाच माणसांच्या हाती पाच ठिकाणी पडून राहिलं. शाळेत कसली नोंद ठेवायची नाही असं नाही, आम्ही मरेस्तोवर नोंदी ठेवतो. पण त्या नोंदी एकमेकींशी कधी बोलत नाहीत. मामांच्या किल्ल्यांना आणि मावशींच्या नळाला तर रजिस्टरच नाही.

माझ्या चुका

त्याच दिवशी सुट्टीनंतरच्या तासाला मी मुक्ताला ग्रंथालयात बोलावलं. निमित्त काढलं पुस्तकांना कव्हर घालायचं. हे एक बरं केलं. हाताला काम असलं की मुलं बोलतात, आणि समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. दार उघडं, बाहेर वर्दळ, आत आम्ही दोघीच.

मी विचारलं, "सोमवारी घरी कोण असतं गं?"

कव्हरची घडी घालत ती म्हणाली, "काका येतात."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. किंवा फार तर 'मग?' म्हणायला हवं होतं. मी काय केलं, तर घाबरून एका दमात विचारलं, "काही त्रास देतो का तो? हात वगैरे लावतो का?"

ती कव्हर घालत राहिली. मग मान हलवली. आणि मग म्हणाली, "बाई, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार," मी म्हणाले.

या दोन वाक्यांचं मला नंतर भरावं लागलं. पहिल्याचं कोर्टात, ते पुढं येईल. दुसऱ्याचं तिच्यासमोर. कारण सांगणं मला भागच होतं. मुलानं गुपित ठेवायची अट घातली तर काय म्हणायचं, हे मला आता पाठ आहे. "तुला मदत करू शकतील अशा एक-दोन माणसांना मला सांगावं लागेल. कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन." हे ऐकून मूल गप्प झालं तर होऊ दे. खोटं वचन देऊन बोलतं करण्यापेक्षा ते बरं. छळ करणाऱ्यानंही त्याला 'कुणाला सांगायचं नाही' हेच सांगितलेलं असतं.

त्यानंतर ती जे बोलली ते इथं लिहिणार नाही. मी ते तिच्या शब्दांत, जसंच्या तसं, पाठटाचणाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. ती बोलत असताना नाही, ती वर्गात गेल्यावर लगेच. तारीख, वेळ, जागा आणि खाली माझी सही. ही एक गोष्ट मी न शिकता बरोबर केली आणि पुढं तीच सगळ्यात उपयोगी पडली.

मग मी मुख्याध्यापकांकडं गेले. एकतीस वर्षांची नोकरी, कडक पण मनानं चांगले. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, आणि कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही मुख्याध्यापकानं म्हटलं असतं तेच म्हणाले. "आधी खात्री करून घेऊ. मुलीच्या जातीचा प्रश्न आहे. एकदा बोभाटा झाला की तिचंच नुकसान."

खात्री करायची म्हणून त्यांनी बुधवारी सकाळी तिला कार्यालयात बोलावून पुन्हा विचारलं. ग्रंथपाल बाई सोबत बसल्या आणि नंतर त्यांनीही एकदा विचारलं. म्हणजे चोवीस तासांत तीन माणसांपुढं तिला तेच सांगावं लागलं. प्रत्येक वेळी ती थोडं कमी बोलली. मग सरांनी आजीला फोन लावला, "जरा शाळेत येऊन जा."

दुपारी आजी आली. सोबत मोटारसायकलवरून तिला घेऊन आलेला तो.

दुसरं कोण घेऊन येणार होतं? त्या घराची दुचाकी, किल्ली, बँक, औषध सगळं त्याच्याकडंच होतं. आम्ही पालकांना बोलावलं असं आम्हाला वाटत होतं, पण त्या घरात पालक म्हणजे तोच होता. पाच मिनिटांत त्याला कळलं की शाळेला काहीतरी कळलंय. मुक्ताला समोर उभं केलं तेव्हा ती म्हणाली, "मी खोटं बोलले."

मूल बोललेलं मागं घेतं तेव्हा शाळेत सुटकेचा श्वास सोडतात. मीही सोडला, मनातल्या मनात, एक क्षणभर. सर म्हणाले, "बघा बाई." पण तिनं आजीकडं किंवा माझ्याकडं न बघता हे सांगितलं होतं. आम्ही तिला कुणासमोर उभं करून विचारतोय, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

जाताना आजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, पोरीच्या जातीनं सोसायचंच असतं. मोठं करू नगा." आजीचं माहेर साताऱ्याकडचं, नाव नकुसा. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेनं 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं दिली होती, ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती. ही त्या मुलींच्या आज्यांच्या पिढीतली. तिचा मला राग आला होता, आता तेवढा येत नाही. तिला माहीत होतं का? मला वाटतं, कळत होतं आणि वळवून घेता येत नव्हतं.

गुरुवारी हजेरी घेताना मुक्ताच्या नावाला उत्तर आलं नाही. वर्षातली पहिली गैरहजेरी.

शंका आणि पुरावा

पोक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणं असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येकानं पोलिसांना किंवा बालकांसाठीच्या विशेष पोलीस पथकाला कळवायचं आहे. कळवायचं, सिद्ध करायचं नाही. चांगल्या हेतूनं दिलेली माहिती पुढं खरी ठरली नाही तरी देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे. न कळवणाऱ्याला मात्र कलम २१ प्रमाणं सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत.

माझ्या बॅगेत एका प्रशिक्षणातली टिपणं होती, त्यात राजुऱ्याचं प्रकरण होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना कळवलं नाही, म्हणून त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयानं तो रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं खटला पुन्हा उभा केला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं स्पष्ट म्हटलं. मी ते कागद सरांपुढं ठेवले. त्यांनी वाचले की नाही कोण जाणे. माझ्या हातातल्या हजेरीपटाकडं बघत म्हणाले, "आज आली नाही?"

"नाही."

"फोन लावा."

१०९८ हा मुलांसाठीचा फोन, १९९६ साली मुंबईत सुरू झालेला, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो. पलीकडच्या बाईंनी मला एकही अवघड प्रश्न विचारला नाही. मूल आता कुठं आहे, कुणाबरोबर आहे, संशयित त्याच घरात आहे का, एवढंच. मग पोलीस ठाण्यात लेखी कळवलं. सही मुख्याध्यापकांची आणि माझी. माझं पाठटाचणाचं पान सोबत जोडलं. संध्याकाळपर्यंत जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं आणि पोलीस गावात पोचले. आजीनं तिला माडीवर बसवून ठेवलं होतं.

मला सगळ्यात भीती होती ती पोलिसांची. गाडी, वर्दी, गावातली गर्दी. तसं झालं नाही, कारण तसं करायचंच नसतं. उपनिरीक्षक बाई साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या होत्या. कायद्यात लिहिलंय की जबाब घेताना गणवेश नको, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे ते माणूस सोबत. मुक्तानं मामाचं घर सांगितलं. सख्खा मामा, शेजारच्या तालुक्यातला. रात्री त्याच्या ओसरीवर ती बोलली. मी सोबत होते, पण तोंडातून शब्द काढायचा नाही असं मला बजावलेलं होतं, आणि ते बरंच झालं. त्या बाई 'मग काय झालं?' याशिवाय फारसं काही विचारतच नव्हत्या. मी ग्रंथालयात पाच मिनिटांत जे बिघडवलं होतं ते त्यांनी दोन तासांत शांतपणे सावरलं.

पुढचं थोडक्यात. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवलं. समितीनं मुक्ताला मामाकडं ठेवायचा आदेश दिला आणि तिच्यासाठी एक साहाय्यक व्यक्ती नेमली. दवाखाना, दंडाधिकारी, न्यायालय अशा प्रत्येक ठिकाणी ही व्यक्ती तिच्यासोबत राहिली. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरांनी केली. त्याला अटक झाली.

आईवडील शनिवारी पोचले. वडील सरळ शाळेत आले. "बाई, तुम्ही आमची अब्रू चव्हाट्यावर मांडली. मला आधी फोन करता आला न्हाई?" त्यांच्या प्रश्नाला उत्तर होतं. त्यांना फोन केला असता तर त्यांनी पहिला फोन चुलतभावालाच केला असता, एवढ्या वर्षांत ते हेच करत आले होते. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. ऐकून घेतलं. आई दाराबाहेर उभी होती. जाताना तिनं विचारलं, "तिचं दप्तर शाळेतच हाय का?" मी आणून दिलं.

नंतर

खटला उभा राहिला तेव्हा मी साक्षीला गेले. असे खटले शक्यतो वर्षभरात संपवावेत असं कायदा म्हणतो. शक्यतो. बचाव पक्षाच्या वकिलांनी मला एकच गोष्ट चार तऱ्हांनी विचारली. 'हात लावणं' हा शब्द आधी कोणाच्या तोंडून आला, तुमच्या की मुलीच्या? माझ्या. म्हणजे तुम्ही तिच्या तोंडी घातला? मी पान दाखवलं, पुढचं तिचं आहे म्हणून सांगितलं. निबंधाची वहीही कोर्टात गेली, लाल शाईसकट. मुक्ताला मात्र वकिलांना थेट तोंड द्यावं लागलं नाही. प्रश्न न्यायाधीशांमार्फत आणि आरोपी तिला दिसणार नाही अशी व्यवस्था. निकाल अजून यायचा आहे, त्यामुळं त्याबद्दल लिहीत नाही.

शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची 'सखी सावित्री समिती' होती. २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत ती असायला हवी, आमच्याकडंही होती. फलकावर नावं होती, सभांच्या वृत्तांतावर सह्या होत्या. माझीही सही होती. सावित्रीबाईंचं नायगाव इथून फार लांब नाही, त्यांच्या जयंतीला आम्ही दर ३ जानेवारीला मुलींना साड्या नेसवून भाषणं करायला लावतो. समितीची बैठक मात्र मुक्ताच्या प्रकरणापर्यंत प्रत्यक्षात एकदाही झाली नव्हती. तक्रारपेटीही होती. तिची किल्ली हरवली होती, कुलूप तोडलं तेव्हा आत चॉकलेटचे कागद आणि मोडलेली खोडरबरं निघाली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची घटना घडली. चार वर्षांच्या दोन मुली, शाळेतलाच सफाई कामगार, आणि तक्रार घ्यायला झालेला उशीर. मग पत्रकांवर पत्रकं आली, सीसीटीव्ही बसवा म्हणून. आमच्या व्हरांड्यात आता चार कॅमेरे आहेत. ते असावेत, माझी तक्रार नाही. पण मुक्ता ज्या पायरीवर सोमवारी बसायची ती पायरी कॅमेऱ्यात असती तर त्याला काय दिसलं असतं? एक मुलगी शांत बसली आहे.

आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. महिन्यातून दोनदा, मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं, सगळे बसतात. सगळे म्हणजे मामा, मावशी, कारकून, ग्रंथपाल धरून. कोणत्या मुलात काही बदल वाटला का, एवढाच विषय. एक वही, मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात, त्यात जे दिसलं तेवढंच लिहायचं. 'अमुक दिवशी डबा आणला नाही' असं, 'घरी भांडणं असतील' असं नाही. सुरुवातीला अति झालं. कुणी पेंगलं तरी नोंद व्हायला लागली. पण त्या पेंगण्यातूनच सातवीतला एक मुलगा सापडला. तो रात्री पोल्ट्रीवर पक्षी गाडीत भरायला जायचा, पहाटे चारला घरी, दहाला शाळेत. बारा वर्षांचा. चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याही कामाला ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर बंदी आहे, आणि घरच्या धंद्यात हातभार लावायची सूट आहे ती शाळा सुटल्यावरची, घरच्यांपुरती. पोल्ट्री घरची नव्हती. त्या वेळी मात्र आम्ही पालकांनाच आधी भेटलो, कारण तिथं घरच धोक्याचं नव्हतं, घर कर्जात होतं. कुठं आधी घरी जायचं आणि कुठं अजिबात जायचं नाही, हा फरक एका ओळीत सांगता येत नाही. मी एवढाच प्रश्न विचारते. या घरी फोन केला तर तो कुणाच्या कानावर पडेल?

मुख्याध्यापक निवृत्त झाले. निरोप समारंभानंतर मला म्हणाले, "दोन दिवस गेले ना, बाई. बुधवार आणि मंगळवारची संध्याकाळ." मी म्हणाले, सात महिने गेले, सर. त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही.

मुक्ता मामाच्या गावच्या शाळेत आहे. खो-खो पुन्हा सुरू केला असं तिच्या साहाय्यक ताईंकडून कळलं. नव्या शाळेत तिची हजेरी काही फार चांगली नाही, हेही कळलं. मधून मधून घरी राहते, मामीला कुरडया करायला मदत करते, पाहुणे आले की दांडी मारते.

या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी पूर्ण उपस्थितीच्या बक्षिसांची यादी कारकुनांनी सहीला पाठवली आहे. तीन नावं आहेत. एकाचं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे आणि त्याची आई त्याला हाकलूनच देते. दुसरीच्या घरी मी जाऊन आले. तिसऱ्या नावाबद्दल मामांना विचारायचं आहे, ते आज यात्रेच्या रजेवर आहेत.